उच्छ्वासाचा बंदोबस्त

कोल्हापूरच्या उद्योगांचा इतिहास लिहिणारे बहुधा राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीपासून आरंभ करतात, आणि ते यथार्थच आहे. कारण १८९१ साली मिरजेहून आलेला लोहमार्ग, १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसलेली शाहूपुरी, १९०६ साली पायाभरणी झालेली कापडाची गिरणी आणि त्यामागोमाग हाती घेतलेले राधानगरीचे धरण, या सर्वांच्या एकत्रित परिणामाने पंचगंगेकाठचा शेतकरी ऊस, पाणी आणि बाजार यांच्याशी कायमचा बांधला गेला. उसाला पाणी उपसून हवे होते आणि चरकाला अखंड फिरवणारी शक्ती हवी होती. बैलांच्या जागी ऑइल इंजिन आले ते या दुहेरी गरजेपोटी. किर्लोस्करवाडी आणि सातारा ही यंत्रनिर्मितीची ठाणी जवळच असल्याने या मुलखास यंत्र अपरिचित राहिले नाही, आणि इंजिन म्हटले की त्याची दुरुस्ती, दुरुस्ती म्हटली की सुट्या भागांचे ओतकाम, या क्रमाने कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीचा धंदा उभा राहिला.

या इतिहासाचे एक लहानसे प्रकरण दरबारी दप्तरापेक्षा मेस्त्री लोकांच्या हातांत अधिक टिकून राहिले आहे. ते इंजिनाच्या उच्छ्वासाचे. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की त्याचा दाब पिस्टनला खाली ढकलतो, परंतु रिंगा कितीही चोख बसवल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटींतून निसटून खालच्या चेंबरमध्ये उतरतोच. तेथे तो तेलाचे तुषार आणि पाण्याची वाफ सोबत घेतो, आणि त्यास बाहेर पडण्यास वाट न दिल्यास सील व पॅकिंगमधून तेल पाझरू लागते. लिस्टर जातीच्या मंदगती इंजिनांवर यासाठी ब्रीदरची, म्हणजे उच्छ्वासाच्या वाटेची, एक झडप असे. ती वायूस बाहेर जाऊ देई, पण आत येऊ देत नसे, त्यामुळे चेंबरमध्ये किंचित निर्वात राहून तेल जागच्या जागी राही. ब्रीदरच्या तोंडाशी तळहात धरून जाणता मेस्त्री इंजिनाची प्रकृती सांगे: झुळूक मंद असेल तर चिंता नाही, पण गरम, तेलकट धूर फटफट बाहेर पडत असेल, तर इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारते, म्हणजे रिंगा झिजल्या अथवा बोअर खराब झाला, असा निकाल होई. महागडे उपकरण नसताना केलेली ही परीक्षा आजही फारशी चुकत नाही.

मोटारींनी हाच प्रश्न प्रथम वाऱ्यावर सोडला. चेंबरपासून निघालेली एक नळी गाडीखाली उघडी ठेवत आणि गाडीच्या वेगाने निर्माण होणारा ओढा वायू खेचून घेई; मालमोटारींच्या अशा नळ्यांतून ठिबकणारे तेल आपल्या राजरस्त्यांनी पुष्कळ पाहिले आहे. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेची चौकशी होऊन या उच्छ्वासाचाही त्या दोषात मोठा वाटा असल्याचे सिद्ध झाले, आणि १९६१च्या सुमारास कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत हा वायू झडपेवाटे पुन्हा इंजिनाच्याच शोषणनळीत सोडून जाळून टाकण्याची तजवीज झाली. नगराच्या हवेच्या दृष्टीने ही व्यवस्था निःसंशय हितकारक होती; परंतु तिने इंजिनास आपलाच उच्छ्वास परत गिळावयास लावले, आणि शोषणनळीत चढणारा तेलाचा लेप ही त्याची किंमत ठरली.

साध्या गाडीस ही किंमत सोसवते. टर्बो गाडीस सोसत नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली टर्बोच्या ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिच्यात निकासाच्या वायूने चाक फिरवून इंजिनात हवा दाबून भरली जाते. दाब वाढला की रिंगांवरून निसटणारा वायूही वाढतो. त्यातून स्पर्धेच्या इंजिनात उष्णतेने रिंगा फुगतील म्हणून त्यांच्या टोकांतील फट मुद्दाम अधिक ठेवतात, आणि ट्रॅकवरील लांब वळणावर तेल एका अंगाला जाऊन ब्रीदरच्या तोंडाशी येते. हे तेल शोषणनळीत गेले की दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या आतील भिंतींवर लेप बसून त्याची शीतनक्षमता घटते. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल त्याचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी स्फोट न होण्याचा गुण, उतरवते, आणि ऐन दाबाच्या क्षणी इंजिन ‘नॉक’ करू लागते.

यावरचा उपाय म्हणजे उच्छ्वासातील तेल वाटेतच धरून ठेवणारा कॅच कॅन. तो बाह्यतः मामुली डबा दिसतो, पण त्याची बसवणी हेच खरे कारागिरीचे काम आहे. ब्रीदरपासून येणारी नळी मूळ तोंडाहून अरुंद नसावी, अन्यथा चेंबरमध्ये दाब कोंडतो. तिला मध्येच झोल पडू नये, कारण झोलात तेल साठून वाट अडते. आणि डबा निकासाच्या तापल्या नळ्यांपासून दूर, हवा लागेल अशा जागी असावा, म्हणजे वाफ लवकर निवते. डब्यात आडपडदे आणि स्टीलची जाळी असल्याखेरीज तुषार धातूवर आदळून थेंब होत नाहीत. आतून मोकळा डबा वायूस तेलासह जसाच्या तसा पुढे जाऊ देतो. इंजिनाच्या शोषण-मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या नळीवर एकमार्गी झडप हवीच, नाहीतर टर्बोचा दाब उलटा चेंबरमध्ये शिरतो. रस्त्यावरील मोटारीस हा वायू मोकळा सोडण्याची मुभा नसल्याने डब्यातून गाळलेला वायू पुन्हा शोषणमार्गातच न्यावा लागतो; निव्वळ ट्रॅकच्या गाडीस तो बाहेर सोडता येतो.

कोल्हापुरात मोहिते यांच्या रेसिंग ट्रॅकवर ज्या कार्ट राष्ट्रीय स्पर्धांत धावल्या, त्या रोटॅक्सच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनांच्या. त्यांत तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच जाळावयाचे असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. फोर-स्ट्रोक टर्बो गाडी तयार करणाऱ्यास मात्र उद्यमनगराचा जुना पाठ पुन्हा गिरवावा लागतो. थंड पावसाळी सकाळी थोडाच वेळ इंजिन चालवले तर डब्यात ताकासारखा पांढरट द्रव मिळतो. तो पाणी आणि तेल यांचे मिश्रण असून इंजिन पुरते तापले की बहुधा नाहीसा होतो. पण प्रत्येक फेरीनंतर काळे तेलच वाढत चालले, तर तो डब्याचा दोष नव्हे, रिंगांची तक्रार आहे, आणि अशा वेळी मोठा डबा आणणारा मनुष्य आजार झाकून ठेवतो.

मोटार स्पर्धांची आंतरराष्ट्रीय नियामक संस्था असलेल्या एफआयएच्या तांत्रिक नियमांनी या डब्यास केवळ मान्यता दिलेली नाही, तर उघड्या ब्रीदरच्या गाडीस २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर आणि त्याहून मोठ्या इंजिनास ३ लिटर क्षमता ठरवून, आत काय साचले ते दिसावे म्हणून डबा अर्धपारदर्शक अथवा खिडकीयुक्त असावा अशीही अट घातली आहे. ट्रॅकवर तेल सांडू नये हा तिचा मुख्य हेतू. परंतु मेस्त्रीस त्यातून एक अधिकची साक्ष मिळते. आज ऑइल इंजिनांचा धंदा विद्युत पंपांपुढे ओसरला, फौंड्र्या मोटारींच्या ब्लॉक व हेडच्या ओतकामाकडे वळल्या, आणि मेनन यांच्या कारखान्यांतून पिस्टन व रिंगा तयार होऊ लागल्या. म्हणजे उच्छ्वास कमी करण्याचे मूळ काम याच शहरात होते. तळहाताने ब्रीदर तपासणाऱ्या मेस्त्रीची आणि डब्याच्या खिडकीत डोकावणाऱ्या तरुण ट्यूनरची विद्या एकच आहे: इंजिन जे बाहेर टाकते ते फेकून देण्यापूर्वी वाचावे, आणि डब्याचे कौतुक करण्याऐवजी डबा रिकामा कसा राहील याची काळजी घ्यावी.