फ्लोरिडातील खडककपारी व बुडीत जहाजांवरील डायव्हिंग

फ्लोरिडा या अमेरिकेच्या आग्नेयेकडील राज्यात समुद्रतळावरील चुनखडीच्या कपारी, प्रवाळभित्ती आणि बुडालेली वा मुद्दाम बुडवलेली जहाजे येथे मोठ्या प्रमाणावर स्कूबा डायव्हिंग केले जाते. यामागे दोन हेतू असतात: सागरी जीवन पाहणे आणि भाल्याने मासे मारणे. दोन्ही प्रकारच्या पाणबुड्यांना तेच मासे व बहुधा तीच ठिकाणे हवी असतात. त्यामुळे कोठे केवळ पाहावे आणि कोठे शिकार करावी, हा येथील नियमांचा व वादांचा मुख्य विषय राहिला आहे.

खडककपारी

राज्याच्या पश्चिमेस, मेक्सिकोच्या आखातात, सागरतळ अतिशय मंद उताराचा आहे. बहुतेक तळ वाळूचा असून वाळूखाली चुनखडीचा थर आहे. हा थर जेथे तुटून उघडा पडतो तेथे कपार तयार होते. पुष्कळ कपारींची उंची एक मीटरसुद्धा नसते, आणि प्रथमच उतरणाऱ्याला त्या निराशाजनक वाटू शकतात. मात्र त्यांच्या कडेखालची पोकळी आतपर्यंत गेलेली असते. सपाट वाळूत आसरा दुर्मीळ असल्याने स्पंज, मृदू प्रवाळ, शेवंड, स्नॅपर आणि ग्रूपर (कोकणात हेकरू म्हणतात त्या गटातील मासे) अशा जागी गोळा होतात. लाल ग्रूपर तर तोंडाने व शेपटीने वाळू उपसून खालचा खडक उघडा करतो. त्याने खणलेल्या खड्ड्यांत इतर अनेक जीव राहू लागतात. दक्षिणेकडील फ्लोरिडा कीज या बेटमालिकेलगत मात्र खऱ्या प्रवाळभित्ती आहेत. तेथे येणारा पाणबुड्या मुख्यतः पाहण्यासाठी येतो.

बुडवलेली जहाजे

की लार्गोजवळ बुडवण्यात येणारे ‘स्पीगल ग्रोव्ह’ हे सुमारे १५५ मीटर लांबीचे नौदलाचे जहाज मे २००२ मध्ये ठरल्या वेळेआधीच उलटले आणि त्याचा नाळेकडील भाग पाण्याबाहेर राहिला. पुढील महिन्यात ते आडवे करून तळाशी नेण्यात आले. २००५ मध्ये डेनिस चक्रीवादळाच्या वेळी ते आपोआप सरळ उभे राहिले. जे अभियंत्यांना जमले नव्हते ते वादळाने केले.

‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका १७ मे २००६ रोजी पेन्साकोलाच्या दक्षिणेस सुमारे ६५ मीटर खोल पाण्यात बुडवण्यात आली. ती ३७ मिनिटांत तळाशी गेली व सरळ उभी राहिली. तिच्या विद्युत तारांच्या आवरणात पीसीबी ही विषारी रसायने शिल्लक होती. पर्यावरण संरक्षण संस्थेने जोखमीचे मूल्यमापन करून ती तशीच राहू देण्यास मान्यता दिली, आणि या निर्णयावर टीकाही झाली. छंद म्हणून केल्या जाणाऱ्या डायव्हिंगची मर्यादा सर्वसाधारणपणे ४० मीटर मानली जाते. नौकेचा मनोरा या मर्यादेत येतो, पण उड्डाणतळ त्याहून खोल आहे.

काहीही बुडवले तरी भित्ती तयार होते, हा समज फोर्ट लॉडरडेलजवळच्या ‘ऑस्बॉर्न रीफ’ने खोटा ठरवला. १९७० च्या दशकात तेथे सुमारे २० लाख जुने टायर टाकण्यात आले. त्यांना बांधणारे पट्टे गंजून तुटले आणि सुटे टायर जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर आदळू लागले. ते काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळ पर्यटनासाठी बुडवण्याच्या हेतूने नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ २०२५ मध्ये पर्यटन विकास महामंडळाला देण्यात आली.

जहाजांवर मासे वाढतात की आजूबाजूचे मासे तेथे केवळ जमतात, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दुसरी शक्यता खरी असेल तर प्रसिद्ध ठिकाण म्हणजे शिकाऱ्यांसाठी एकत्र आणून ठेवलेले भक्ष्य ठरते. याचे उत्तर जातीनुसार व जागेनुसार बदलते.

भाल्याने मासेमारी

यासाठी रबरी पट्ट्यांची भालाबंदूक किंवा हाताने ताणून सोडायचा साधा भाला वापरतात. फ्रान्स, इटली व स्पेन या देशांत स्कूबा साधने लावून शिकार करण्यास मनाई आहे. फ्लोरिडाच्या समुद्रात ती चालते. मासा पाहून निवडता येत असल्याने गळ वा जाळ्यापेक्षा ही पद्धत नेमकी आहे, असे तिचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु भाला लागलेला मासा परत सोडता येत नाही. शिवाय मुखवट्यातून पाण्यातील वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे किमान लांबीपेक्षा लहान मासाही नियमात बसणारा भासतो.

जॉन पेनेकॅम्प प्रवाळ उद्यानात भालामारी वर्ज्य आहे. शार्क, टार्पन, शेवंड इत्यादींवर भाला चालवता येत नाही. गोलायथ ग्रूपर हा शेकडो किलो वजनाचा मासा माणसाला फारसा भीत नाही, म्हणूनच भालेकऱ्यांना तो सहज सापडत असे. संख्या घटल्याने १९९० मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी आली. २०२३ पासून सोडतीद्वारे मोजके परवाने दिले जातात, तेही केवळ गळासाठी आणि लहान आकाराच्या माशांपुरते.

याउलट लायनफिशच्या शिकारीला प्रोत्साहन मिळते. हिंदी व प्रशांत महासागरांतील हा विषारी काट्यांचा मासा फ्लोरिडाजवळ प्रथम १९८५ मध्ये नोंदवला गेला. येथे त्याला शत्रू फारसे नाहीत आणि तो लहान स्थानिक मासे फस्त करतो. तो गळाला क्वचितच लागत असल्याने भाला हाच त्यावरील मुख्य उपाय आहे. त्याच्या संख्येवर मर्यादा नाही.

सुरक्षितता

तीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, हवा त्याच प्रमाणात लवकर संपते आणि नायट्रोजनमुळे गुंगी येऊ लागते. माशामागे धावणाऱ्याला हे उशिरा जाणवते. जहाजाच्या आत शिरणे अधिक धोक्याचे असते: गाळ ढवळला की वाट दिसेनाशी होते. मार्च २००७ मध्ये ‘स्पीगल ग्रोव्ह’च्या अंतर्भागात गेलेल्या तीन पाणबुड्यांचा मृत्यू झाला. पाण्यात कोणी असताना तांबड्या रंगावर पांढरी तिरकी पट्टी असलेला ध्वज लावणे कायद्याने बंधनकारक आहे. खुल्या पाण्यात येणाऱ्या नौकांनी अशा ध्वजापासून ३०० फूट दूर राहण्याचा प्रयत्न करावा, अन्यथा वेग अगदी कमी ठेवावा.