जुन्या मुंबईच्या फोटोंमध्ये गर्दी का दिसत नाही? जाणून घ्या

मागे मी फॅमिली ग्रुपवर जुन्या मुंबईचे दोन फोटो फॉरवर्ड केले. एक सीएसएमटी स्टेशनचा, त्याखाली लिहिलं होतं 'पहिली रेल्वे, १८५३'. दुसरा १८६० च्या दशकातल्या रिकाम्या बंदराचा. काका लगेच म्हणाले, "बघ, तेव्हा गर्दीच नव्हती!" मलाही पटलं. नंतर शोधलं, तर दोन्हीत गडबड निघाली.

स्टेशनचा फोटो: तारीख चुकीची

पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे खरं. पण सीएसएमटीची इमारत तेव्हा नव्हतीच. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. म्हणजे घुमट दिसतोय तो फोटो १८५३ चा असूच शकत नाही.

बंदराचा फोटो: माणसं गेली कुठे?

त्या काळी ओल्या काचेवर फोटो निघायचा. काचेला कलोडियन नावाचं चिकट रसायन लावायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो धुण्याचं कामही काच वाळायच्या आत, साधारण १०-१५ मिनिटांत उरकावं लागे. त्यामुळे फोटोग्राफर डार्करूमचा तंबू सोबतच न्यायचे.

एक्स्पोजर काही सेकंदांचं असे. तेवढ्यात गोदी, दगड, बांधलेल्या बैलगाड्या स्पष्ट उमटत. चालणारा हमाल मात्र पुसट व्हायचा किंवा पूर्ण गायब! पाणीही धुक्यासारखं गुळगुळीत दिसायचं. म्हणजे ज्यांच्या खांद्यावर बंदर चालत होतं, तेच फोटोतून निसटले. १८८० च्या दशकात जास्त संवेदनशील कोरड्या काचा रुळल्या, मग हलती माणसंही फोटोत टिकू लागली.

मोबाईलवर करून बघा

१. संध्याकाळी गर्दीच्या रस्त्याकडे मोबाईल ट्रायपॉडवर लावा.
२. प्रो मोडमध्ये आयएसओ सर्वात कमी आणि शटर ४ सेकंद ठेवा.
३. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून 'लाँग एक्स्पोजर' इफेक्ट निवडा.

चालणारी माणसं धुरासारखी दिसतील, उभी असलेली तशीच राहतील.

मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. काकांनी अंगठा दाखवला! तुम्हीही पुढचा जुना फोटो फॉरवर्ड करण्याआधी त्यातली इमारत कधी बांधली, एवढं एकदा शोधाच.