सीमा आधी की गती आधी?

बारामती-इंदापूरकडच्या अकरावीच्या वर्गांत आधी लिमिट, म्हणजे सीमा, आणि मग डेरिव्हेटिव्ह. इतिहासात क्रम उलटा आहे बरं का! भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती मांडली. नातू चांगदेवाने खानदेशात पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवायला मठही काढला. सीमेची व्याख्या तेव्हा नव्हती. न्यूटननंतरही गोंधळ होताच. १७३४ मध्ये बर्कलीने विचारलं, ज्याने भागलं तेच पुढे शून्य कसं धरता? प्रश्न रास्त होता. सीमा हाच पाया धरून कोशीने १८२१ पासून कॅल्क्युलस उभारलं.

(क्ष² − ४) ÷ (क्ष − २) मध्ये मुलं क्ष − २ सरळ ‘उडवतात’, तिथे त्यांना थांबवा. क्ष दोनकडे जाताना छेदाची सीमा शून्य, म्हणून सीमांच्या भागाकाराचा नियम चालत नाही. पण क्ष दोनकडे सरकतो, दोन होत नाही. म्हणून आधी भागता येतं, आणि सीमा चार येते.