स्क्वॉडमधले गाव

आभासी जग म्हणजे संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर उभारलेला असा प्रदेश, जिथे अनेक माणसे निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळी शिरतात आणि एखादे रूप घेऊन एकमेकांशी वागतात. अशा जगांचा इतिहास साधारण 1978 पासून सांगितला जातो. त्या वर्षी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. त्यात चित्रे नव्हती. गुहा, जंगल, शत्रू, सोबती, सारे मजकुरातून उभे राहत असे.

समाजशास्त्राचे लक्ष या जगांकडे वेधले गेले ते तिथल्या भांडणांमुळे आणि व्यवहारांमुळे. पावेल कर्टिसने 1990 मध्ये सुरू केलेल्या लॅम्डामू या जगात 1993 साली एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. ज्यांची ती पात्रे होती, त्यांना झालेला त्रास खरा होता. त्यातून अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू झाली. खेळणाऱ्यांनी स्वतःसाठी कायदा घडवायला घेतला. 2001 मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थतज्ज्ञाने एव्हरक्वेस्ट खेळातील वस्तूंच्या खऱ्या बाजारातील किमतींवरून त्या जगाचे दरडोई उत्पन्न मोजले, आणि ते रशियाच्या आसपास भरले. टॉम बेलस्टॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ तर सेकंड लाइफमध्येच क्षेत्रकार्य करत राहिला. त्याचे पुस्तक 2008 मध्ये आले. ही सारी कामे मोलाची आहेत, पण त्यांच्या मुळाशी बहुधा एकच चित्र असते: आपल्या खोलीत एकटा बसलेला माणूस अनोळखी लोकांत जातो आणि तिथे नवी ओळख घडवतो.

महाराष्ट्रात हे चित्र सुरुवातीपासूनच वेगळे राहिले. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हाच्या पहिल्या शहरांत मुंबई होती. मात्र घरी संगणक असणे पुढची कित्येक वर्षे मोजक्यांनाच परवडले. बाकीच्यांसाठी सायबर कॅफे होता. मुंबई, पुणे, नागपूरच्या कॅफेंत तासावर पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळले जाई. एकाच खोलीतले संगणक केबलने जोडलेले असत. ज्याने गोळी घातली तो शेजारच्या खुर्चीवरच असे, त्यामुळे सूडाची घोषणा पडद्यावर लिहावी लागत नसे. भाडे कोण भरणार, चांगला माउस असलेली जागा कोणाची, हे ठरवताना कॉलेजच्या कंपूतली उतरंडच कामी येई. दूरच्या अनोळखी लोकांसोबत दीर्घकाळ खेळायची मोठी काल्पनिक राज्ये इथे फार रुजली नाहीत.

हा फरक समजून घ्यायला खेड्यातल्या जुन्या करमणुकीकडे पाहावे लागते. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात एकोडी हे गाव आहे. हा मुलूख झाडीपट्टीचा. तलाव, धानाचे बांध आणि दिवाळीनंतर सुरू होणारा करमणुकीचा हंगाम ही त्याची ओळख. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते, आणि मग वडशाच्या नाटक कंपन्या रात्र रात्र प्रयोग करतात. दंडारीत स्त्रीपात्र पुरुष रंगवतात. साडी नेसून उभा राहिलेला नट कोणाचा मुलगा, कोणाच्या बांधीत धान कापतो, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी त्याला राणी मानण्यात कोणाला अडचण येत नाही. रूप घेण्यासाठी ओळख लपवावी लागत नाही, असा हा जुना सराव आहे. बाहेरच्या अभ्यासकांनी आभासी जगाचे मर्म मानलेला अनोळखीपणा इथे का गौण ठरला, हे समजून घ्यायला तो फार उपयोगी पडतो.

कॅफे शहरात होते. खेड्यात आभासी जग थेट फोनवर आले. 5 सप्टेंबर 2016 ला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. मार्च 2018 मध्ये पब्जी मोबाइल हा लढाईचा खेळ जगभर खुला झाला. एका डावात शंभर खेळाडू, चौघांचा स्क्वॉड आणि कानात सतत सोबत्यांचे आवाज. फ्री फायर या तशाच खेळाला हलका फोनही चालत असे, म्हणून ज्यांच्याकडे महागडा हँडसेट नव्हता ती मुले तिकडे वळली. काटेकोर व्याख्येने ही जगे टिकाऊ नाहीत, कारण डाव संपला की रणभूमी मिटते. टिकतो तो स्क्वॉड, आणि त्यात बहुधा एकाच आळीतली किंवा एकाच वर्गातली मुले असतात. कोण पुढे धावणार, लूट कोणी सोडायची, पडलेल्याला रिव्हाइव्ह करायला कोणी जायचे, यांत मैत्रीतले जुने हिशेब उतरतात. मुलींचा वाटा मात्र कमी राहिला. फोन बहुतेक घरांत आधी मुलाच्या हाती गेला, आणि माइक सुरू करताच येणाऱ्या शेऱ्यांमुळे खेळणाऱ्या मुलीही गप्प राहू लागल्या. दंडारीत स्त्रिया नसण्याची उणीव आहे, तशीच ही उणीवही गंभीर आहे.

2019 मध्ये पब्जीवर बंदी घालावी म्हणून मुंबईच्या एका शाळकरी मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. प्रत्यक्ष बंदी आली 2 सप्टेंबर 2020 ला, चीनच्या सीमेवरील तणावानंतर; बंदी घातलेल्या 118 अ‍ॅपमध्ये पब्जीही होता. खेळणाऱ्यांसाठी नेमकी तीच वर्षे पालटाची ठरली. मुंबईचा आदित्य सावंत ऊर्फ ‘डायनॅमो’ याच्या हायड्रा गटाने 2021 च्या सुमारास जीटीए 5 या खेळावर ‘हायड्रा टाउन’ हे भूमिकानाट्याचे शहर चालवले. तिथे कोणी पोलीस, कोणी डॉक्टर, कोणी मेकॅनिक, तर कोणी टोळीवाला. पात्र सोडून बोलायचे नाही, बाहेरून कळलेली गोष्ट आत वापरायची नाही, असे अशा शहरांचे नियम असतात, आणि ते मोडणाऱ्याला चालक बाहेर काढतात. लॅम्डामूत ज्या प्रश्नांना मतदानाने उत्तर शोधले गेले, ते इथे गटप्रमुखाच्या अधिकारावर सोडले गेले. प्रेक्षक यूट्यूबवरून पाहत असत, त्यामुळे या शहराला रंगमंचाचे रूप आले होते.

2 जुलै 2021 ला पब्जी ‘बीजीएमआय’ या भारतीय नावाने परतला, 28 जुलै 2022 ला पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि 2023 च्या मे अखेरीस वेळेची मर्यादा घेऊन आला: अल्पवयीनांना दिवसाला तीन तास, प्रौढांना सहा. फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, तेव्हा त्याच्याच मॅक्स आवृत्तीकडे मुलांना जाता आले. बंदी आली, खेळाचे नाव बदलले, स्क्वॉड तोच राहिला. कामासाठी नागपूर-पुण्याला गेलेल्याला रात्री गावातल्या सोबत्यांच्या खेळातल्या रूममध्ये येता येते, हा या टिकण्याचा मोठा आधार आहे. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली; स्क्वॉडचे हे खेळ चालूच राहिले.