पिप्रहवाची रत्ने : दान, ठेव आणि लिलाव

‘रतन’ हा शब्द पालि वाङ्मयात दोन अर्थांनी येतो. एक रत्न समुद्रात व खाणीत सापडते. दुसरे बुद्ध, धम्म आणि संघ या नावांनी ओळखले जाते. पहिल्याचे मोल करता येते, दुसऱ्याचे करता येत नाही. हे दोन्ही अर्थ जेथे प्रत्यक्ष एकत्र आले, असे स्थळ म्हणजे उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिप्रहवाचा स्तूप होय. तेथील काही रत्ने २०२५ साली लिलावास निघाली आणि अस्थिधातूंसोबत ठेवलेल्या रत्नांचा स्वामी कोण, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. पालि साधनांच्या आधारे त्याचा विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

जानेवारी १८९८ मध्ये बर्डपूर येथील जमीनदारीचे व्यवस्थापक विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांच्या उत्खननात या स्तूपाच्या गर्भात वालुकाश्माची एक अवजड पेटी सापडली. तिच्यात पाच पात्रे होती. चार शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची आणि एक स्फटिकाचे. स्फटिकपात्राच्या झाकणाची मूठ माशाच्या आकाराची. त्यांत अस्थींचे तुकडे होते आणि त्यांच्यासमवेत सुमारे १८०० रत्ने, मणी व सोन्याचे पत्रे. हा निधी सामान्यतः इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील मानला जातो.

या रत्नांत मोती, पोवळी, तांबडा अकीक, जांभळा व पांढरा स्फटिक, जवाहिऱ्यांच्या भाषेतील तामडा म्हणजे गार्नेट, आणि शंख-शिंपले आहेत. काही खडे निसर्गतः जसे मिळाले तसेच ठेवले आहेत. काहींना फुलाचा, पानाचा किंवा त्रिरत्नचिन्हाचा आकार दिला आहे. स्फटिक आणि अकीक लोखंडी हत्याराला दाद देत नाहीत. त्यांहून कठीण द्रव्याच्या भुकटीने त्यांना घासावे लागते. अशा दगडाची पाकळी कोरणाऱ्या, मण्याला बारीक छिद्र पाडणाऱ्या कारागिरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांचे कौशल्य मात्र बावीस शतकांनंतरही डोळ्यांपुढे आहे.

पालि सुत्तांत ही रत्ने नावानिशी भेटतात. अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात धम्मविनयाची तुलना महासागराशी केली असून सागरातील दहा रत्ने सांगितली आहेत. त्यांतील ‘मुत्ता’, ‘मणि’ आणि ‘पवाळ’ हे शब्द प्राकृताच्या द्वारे आपल्या मोती, मणी व पोवळे या शब्दांत आजही नांदत आहेत. ‘वेळुरिय’ म्हणजे वैडूर्य. ग्रीकांनी हाच भारतीय शब्द ‘बेरुल्लोस’ या रूपात उचलला आणि आपला ‘बिलोरी’ शब्दही त्याच कुळातला असल्याचे अनेक भाषाभ्यासक मानतात. ‘मसारगल्ल’ हे रत्न नेमके कोणते, यावर अद्याप एकमत नाही. मात्र या सुत्तात रत्नांची यादी देऊन भगवंत थांबत नाहीत. धम्मविनयातील रत्ने म्हणजे स्मृतिप्रस्थानांपासून आर्य अष्टांगिक मार्गापर्यंतचे सदतीस बोधिपाक्षिक धम्म, हे तेथे स्पष्ट केले आहे.

मग स्तूपात खडे का ठेवले? याचे उत्तर एका पात्राच्या झाकणावरील ब्राह्मी लेखात आहे. जे. एफ. फ्लीट यांनी त्याचा अर्थ ‘बुद्धाच्या नातलगांचे अवशेष’ असा लावला होता. अधिक मान्यता पावलेल्या वाचनानुसार हे भगवान बुद्धांचे धातुनिधान असून ते सुकिती-बंधू शाक्यांनी बहिणींसह, पुत्रांसह व पत्नींसह केले आहे. दानकर्त्यांत स्त्रियांचा उल्लेख आहे, ही गोष्ट महत्त्वाची. छिद्र पाडलेले कित्येक मणी एकेकाळी कोणाच्या गळ्यात वा हातात असावेत, असे अनुमान करता येते. अंगावरून उतरवून धातूंपाशी ठेवल्यावर ते अलंकार राहिले नाहीत. ते दान झाले.

पेपे यांच्या निधीची वाटणी लगेच झाली. अस्थिधातू सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांना देण्यात आले, बहुसंख्य रत्ने कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात गेली आणि सुमारे एक पंचमांश भाग ‘दुबार नमुने’ ठरवून पेपे यांच्याकडे राहू दिला गेला. वास्तविक नैसर्गिक खड्याला दुबार नमुना नसतो. प्रत्येकाचा रंग, आतील रेषा आणि हाताने दिलेला आकार वेगळा असतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की हा निधी एका संकल्पाने केलेले एक दान होते. महाराष्ट्रातील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना बुरूड राजाच्या कोटात तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने अशा एकात एक बसविलेल्या करंडकांचा निधी मिळाला. तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि म्हणूनच त्याचा अर्थ आजही समग्रपणे लावता येतो.

विनयपिटकात या विषयाला लागू पडणारा एक नियम आहे. पाचित्तिय विभागातील ८४ व्या शिक्षापदानुसार भिक्खूने पडलेले रत्न उचलू नये. विहारात वा निवासस्थानी सापडल्यास मात्र ते उचलून, ज्याचे असेल तो नेईल या भावनेने जपून ठेवावे. नियमाच्या निदानकथेत विशाखेचा विहारात राहून गेलेला अलंकार आहे. धम्मपद-अट्ठकथेनुसार हा महालता अलंकार नऊ कोटींचा होता. विशाखेने तो परत न घेता विकावयास काढला. एवढे मोल देणारा कोणी न मिळाल्याने तिने स्वतःच ते मोल भरले आणि त्या द्रव्यातून श्रावस्तीचा पूर्वाराम उभा राहिला. ही अट्ठकथेची कथा आहे, हिशेबाची वही नव्हे. पण तिचा आशय स्पष्ट आहे. रत्नाची विक्री सर्वथा निषिद्ध नव्हती; विशाखेने स्वतःची वस्तू संघासाठी विकली. संघाला व धातूंना अर्पण झालेली वस्तू खाजगी लाभासाठी विकणे ही नेमकी उलट क्रिया होय. ज्याला ती सापडली तो तिचा राखणदार ठरतो, धनी ठरत नाही.

पेपे यांच्या वंशजांकडील ३३४ रत्नांचा सोदबीजच्या हाँगकाँग शाखेत ७ मे २०२५ रोजी होणारा लिलाव, भारत सरकारच्या कायदेशीर नोटिशीनंतर आणि जगभरच्या बौद्धांच्या निषेधानंतर स्थगित झाला. ३० जुलै २०२५ रोजी ही रत्ने भारतात परत आली. गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली आणि त्यांचा मोठा भाग पाच वर्षांसाठी राष्ट्रीय संग्रहालयास देण्याचे जाहीर झाले. रत्ने परत आली, याचा आनंद आहेच. तथापि मुदतीने दिलेली ठेव आणि कायमचे लोकस्वामित्व यांत अंतर आहे. पाच वर्षांनंतर काय, हे आजच ठरले पाहिजे. दिल्ली आणि कोलकाता येथील रत्नांची, बँकॉकला गेलेल्या धातूंच्या नोंदीसह, एकच सचित्र सूची व्हावी आणि ती अभ्यासकांस व उपासकांस सारखीच खुली असावी. या रत्नांची पूजा करून धम्म वाढणार नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना सांगावयास नको. पण ती आपल्या इतिहासाची साक्ष आहे, आणि ती साक्ष अखंड ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.