नागपूर–रायपूर वाटेवरील स्तोत्रसंहिता

रायपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासाची बरीच सूत्रे नागपुरातून हलली, आणि त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. कारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होते, १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले, आणि कारभाराबरोबर आलेली मराठी कुटुंबे आपली पूजा, कीर्तने व अभंग घेऊन येथे स्थिरावली. याच वाटेने पुढे पाद्रीही आले. त्यांच्याजवळच्या ग्रंथांत दीडशे इब्री गीतांचा एक संग्रह होता. मराठी ख्रिस्ती समाज त्याला स्तोत्रसंहिता म्हणतो, तर रायपूरच्या हिंदी मंडळ्या भजन संहिता या नावाने तो वाचतात.

हा संग्रह एका हातचा नाही. परंपरेने तो दावीद राजाच्या नावावर चढवला असला, तरी मथळ्यांत त्याचे नाव सुमारे निम्म्याच स्तोत्रांवर, म्हणजे ७३ स्तोत्रांवर आढळते. उरलेल्यांपैकी काही आसाफ व कोरहाचे वंशज या मंदिरातील गायकवर्गाच्या नावावर आहेत, नव्वदावे मोशेच्या नावावर आहे आणि अनेकांवर कोणाचेच नाव नाही. संग्रहाचे पाच भाग असून पहिल्या चारांचा शेवट देवाच्या धन्यवादाच्या लहानशा ओळींनी होतो, तर पाचव्याच्या अखेरीस सबंध दीडशेवे स्तोत्रच त्या कामी येते. यरुशलेमेच्या मंदिरात ही गीते वाद्यांवर गायिली जात. मंदिर नष्ट झाल्यावर ती सभास्थानांत टिकली आणि तेथून ख्रिस्ती उपासनेत आली. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त याने आपल्या मठवासीयांसाठी जो नियम घालून दिला, त्यात आठवड्याभरात दीडशेही स्तोत्रे म्हणून व्हावीत अशी व्यवस्था होती. इंग्लंडच्या चर्चने आपल्या प्रार्थनापुस्तकात ती महिन्याच्या तीस दिवसांवर, सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटून दिली. ख्रिस्ती माणसाच्या नित्य उपासनेचा कणा म्हणून या संग्रहाकडे पाहिले जाते ते या नेमामुळे.

नागपूरला १८४५ साली मिशन उभारणारा स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा होता, आणि त्या काळी त्या चर्चच्या उपासनेत छंदोबद्ध केलेल्या स्तोत्रांखेरीज दुसरी गीते गात नसत. माणसाने रचलेल्या गीतापेक्षा शास्त्रातील गीतच देवापुढे म्हणावे, असा त्यामागचा कडक विचार होता. याच मिशनातील पाद्री जे. जी. कूपर यांच्या सल्ल्याने ऑस्कर लोर हा जर्मन वंशाचा मिशनरी १८६८ साली नागपूरहून छत्तीसगढात उतरला, रायपूरचा इंग्रज अधिकारी बाल्मेन याच्या साहाय्याने त्याने जमीन मिळवली आणि विश्रामपूर ही वसाहत वसवली. लोर याला अमेरिकेतील जर्मन मंडळ्यांचा पाठिंबा होता. या मंडळ्यांची गायनाची रीत स्कॉटिश रीतीपेक्षा वेगळी होती: मार्टिन ल्यूथरने सेहेचाळिसाव्या स्तोत्राचा गाभा घेऊन स्वतंत्र गीत रचले, तसे स्तोत्राचा आशय घेऊन नवे गीत घडवण्याची मोकळीक त्यांना मान्य होती. त्यामुळे एक वाट स्तोत्र शब्दशः गाण्याची आणि दुसरी स्तोत्रातून गीत घडवण्याची, अशा दोन्ही वाटा छत्तीसगढच्या उंबरठ्यावर एकाच पिढीत येऊन पोचल्या.

लोर ज्यांच्याकडे आला होता ते सतनामी लोक गाण्याला नवखे नव्हते. गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा नाकारून सत्य नामाचा उपदेश केला होता, आणि मांदर व झांज यांच्या ठेक्यावर गायिली जाणारी पंथी गीते त्या पंथाची ओळख बनली आहेत. सबंध पंथच लवकर ख्रिस्ती होईल अशी मिशनची अटकळ होती, ती फोल ठरली. मंडळी वाढली ती हळूहळू, आणि १८९७ व १९०० च्या भीषण दुष्काळांत अनाथ मुलांना आश्रय मिळाल्यावर अधिक. धमतरीला १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशन सुरू झाले, तेही याच दुष्काळी मदतकार्याच्या पाठोपाठ. उपासमार, परागंदा होणे, वडीलधाऱ्यांचा मृत्यू हे ज्या मंडळ्यांचे आरंभीचे अनुभव होते, त्यांच्या हाती स्तोत्रसंहितेतील शोकस्तोत्रे पडली ही गोष्ट इतिहासाने पुरेशी गंभीरपणे घेतलेली नाही. शोकस्तोत्र म्हणजे ज्यात उपासक आपली विपत्ती देवापुढे मांडतो, विलंबाबद्दल त्याला जाब विचारतो आणि बहुधा शेवटी विश्वासाकडे वळतो. संग्रहातील सर्वांत मोठा वर्ग याच स्तोत्रांचा आहे.

मराठी बाजूला या कथेचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग रायपूरपासून जवळच असलेल्या राजनांदगावच्या वाटेवर घडला. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त त्या संस्थानाकडे रेल्वेने निघाले असता अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली, त्याने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मनाची पकड घेतली ती गिरिप्रवचनाने, स्तोत्रांनी नव्हे. तरीही मराठी उपासनेतील स्तोत्रसंहितेचे स्थान ठरवण्यात त्यांच्याइतका वाटा क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल. कारण त्यांच्यापूर्वी मराठी मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली पदे बरीच रूढ होती, अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता, आणि टिळकांनी अभंग व पद यांना उपासनेच्या मध्यभागी आणून बसवले. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत.

अभंग आणि स्तोत्र यांचे साम्य वरवरचे नाही. दोहोंत बोलणारा एकटा जीव आहे आणि ऐकणारा देव समोर आहे. दोहोंत देवाशी भांडण्याचा हक्क गृहीत धरलेला आहे. स्तोत्राच्या मथळ्यावर जसे नाव येते तसे अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा येते, आणि टिळकांनीही ‘दास’ ही मुद्रा वापरली. भेद आहे तो रचनेत. इब्री काव्याचा आधार यमक नसून समांतरता हा आहे, म्हणजे ओळीचा पहिला अर्धा भाग जे म्हणतो तेच दुसरा अर्धा भाग वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो, वाढवतो किंवा उलटवतो. हे तत्त्व रॉबर्ट लोथ याने १७५३ साली विस्ताराने मांडले. वृत्त अनुवादात हरवते, समांतरता हरवत नाही, आणि म्हणून मराठी बायबलमधील गद्य स्तोत्रही वाचताना काव्यच वाटते. उपदेशक अर्धी ओळ वाचतो आणि मंडळी उरलेली अर्धी, या प्रघाताला स्तोत्राची घडणच अनुकूल आहे. कीर्तनात बुवांचा चरण टाळकरी उचलतात, त्या सवयीच्या समाजाला तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

अशा रीतीने मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत एक वाटणी होऊन बसली: स्तोत्र वाचायचे आणि अभंग गायचा. ती सोयीची होती, परंतु तिच्यामुळे काही निसटले. गायिलेले पाठ होते आणि वाचलेले विसरते. मंडळीच्या तोंडी टिळकांची आर्त, प्रेमळ भक्ती राहिली, तर स्तोत्रकाराचा संताप आणि त्याची तक्रार बायबलच्या पानांत राहिली. वास्तविक मराठीला या सुराचे वावडे नाही, कारण चोखामेळ्याने विठ्ठलाला विचारलेले प्रश्न आणि तुकोबांनी देवाशी मांडलेले भांडण याहून स्तोत्रकाराची भाषा कठोर नाही. ख्रिस्ती गीतकारांनी वारकरी परंपरेतून माधुर्य जितके घेतले तितके भांडण घेतले नाही, हा त्यांच्या कामगिरीतला उणा भाग मानावा लागतो.

रोमन कॅथलिक उपासनेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सात पहिल्या वाचनामागून स्तोत्र म्हणण्याची आणि मंडळीने त्याचे पालुपद उचलण्याची पद्धत लोकभाषांतून रूढ झाली. रायपूरचा धर्मप्रांतीय कारभार याच काळात, १९६४ साली, नागपूरपासून वेगळा झाला आणि २००४ साली तेथे महाधर्मप्रांत स्थापन झाला. धर्मगुरू व व्रतस्थ यांच्या नित्य प्रार्थनेत आता स्तोत्रे चार आठवड्यांच्या चक्रात येतात. मात्र १९७१ च्या सुधारित ग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही शत्रूंना शाप देणारी तीन स्तोत्रे वगळण्यात आली. प्रॉटेस्टंट बाजूला २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातील सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तो समारंभही नागपुरातच पार पडला, आणि छत्तीसगढचा धर्मप्रांत आज त्याच चर्चमध्ये आहे.

शापस्तोत्रांविषयी मतभेद राहणारच. ती उपासनेत म्हणावीत की एकांतात वाचावीत, हा ज्या त्या मंडळीचा प्रश्न आहे. शोकस्तोत्रांविषयी मात्र असा संकोच करण्याचे कारण दिसत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावर संपते, त्यात इतर शोकस्तोत्रांप्रमाणे शेवटी आशेचे वळण येत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते सामुदायिक वाचनात सहसा निवडले जात नाही. मराठीत असो वा हिंदीत, वर्षभराची वाचने नेमून देणाऱ्यांनी ते वगळू नये, आणि नव्या गीतसंग्रहांच्या संपादकांनी त्याचा अभंग कोणाकडून तरी लिहवून घ्यावा.