पिशवीवरचा 'टी'

विदर्भात सोयाबीनचे 'टीएएमएस ३८' आणि 'टीएएमएस ९८-२१' असे दोन वाण आहेत. नावातला 'टी' आमच्या गोवंडीच्या शेजारचा: टी म्हणजे ट्रॉम्बे. अणुशक्तीनगरच्या अंगाला निघालं की भाभा अणुसंशोधन केंद्राची भिंत लागते, तिच्या आतला. 'ए' अमरावतीचा, तिथलं संशोधन केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. भिंतीपलीकडे बियाणंही घडतं, हे गोवंडीत फारसं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मला त्याचा अभिमान वाटतो.

रीत जुनी आहे. भाभा केंद्राचाच टीजी-१ भुईमूग १९७३ सालचा. बियांवर गॅमा किरण सोडायचे; जनुकात कुठेतरी बदल घडतो, कुठे ते कुणाच्या हाती नसतं. (बी किरणोत्सारी होत नाही, ती शंका मनातून काढावी.) प्रत्येक जनुकाची जोडी असते. बदल एकाच प्रतीत झालेला असला, तर तो पहिल्या पिढीत बहुधा झाकलेलाच राहतो. सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून पुढच्या पिढीत साधारण चारांत एका रोपाकडे बदललेल्या दोन्ही प्रती येतात. तेव्हा कुठे गुण डोळ्यांना दिसतो.

रोगाला दाद न देण्याचा गुणही कधीकधी असा दबून राहतो. जिवाणूजन्य पुरळ घ्या. पान उलटं करून पाहिलं की बारीक, उठावदार फोड, भोवती पिवळं कडं. अमेरिकेतला 'सीएनएस' वाण त्याला जुमानत नाही, आणि ती ताकद एका अप्रभावी जनुकाची आहे, असं हार्टविग आणि लेहमन यांनी १९५१ साली मांडलं. म्हणजे रोगाला बळी पडणाऱ्या वाणाशी संकर केला, तर मुलं सगळी रोगट, नातवंडांत चौथा हिस्सा निरोगी. पहिल्या पिढीलाच कंटाळून रोपं उपटणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

टीएएमएस ३८ आला २००५ साली, ९८-२१ त्यानंतर २००७ साली. दोन्ही या पुरळाला टिकतात. पण एका रोगाचं कवच दुसऱ्याला चालत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या तांबेऱ्यासाठी कसबे डिग्रजच्या केंद्राला 'फुले संगम' वेगळा काढावा लागला.

सोयाबीनचं फूल स्वतःच फळत असल्यामुळे रोगाला दाद न देण्याचा हा गुण घरच्या बियाण्यातही उतरतो. तेव्हा शेतकरी मित्रांनो, उभ्या पिकातली भेसळ वेळीच उपटा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले, तर ते बियाणं पेरा.